दिग्याची शोकसभा

आपल्या खेडचा स्टँडअपवाला दिग्या गेला, त्याच्या शोकसभेचं सांगतो. गणपतीत मंडळाच्या ज्या अध्यक्ष अण्णांनी त्याचा कार्यक्रम बंद पाडला, तेच माईकवर म्हणाले, "असा विनोदवीर पुन्हा होणे नाही!"

मी दिल्लीहून शिकून आलेला, गप्प कसा बसणार? उभा राहिलो. "त्या कार्यक्रमाची तालीम माझ्या फोनवर आहे. ती ऐकूया, हीच श्रद्धांजली."

"प्रसंग काय, बोलतोस काय?" अण्णा खेकसले.

"मग तेव्हा बंद का पाडलात?"

"तेव्हा तो जिवंत होता रे! काय बोलेल त्याचा नेम नव्हता."

पुढच्या खुर्चीतून दिग्याची आई म्हणाली, "आता काय नवीन बोलायचा नाय तो. लाव रे फोन. आणि अण्णा, तुम्ही उठू नका. तुम्ही समोर नसलात तर त्याला हशा मिळायचा नाय."