तेलाच्या दुकानावर दोन बोटं सनस्क्रीन

…आणि वर सासरचे मलाच विचारतात, तोंडावर आधीच एवढं तेल, त्यात आणखी काय चोपडतेस? अहो, तेल आहे म्हणूनच तर पंचाईत! तुम्हाला सांगते, माहेरी पारनेरला माझा चेहरा असा नव्हता. तिकडचा घाम बिचारा यायच्या आत वाळतो. वैशाखात लग्न होऊन शिंगणापूरला आले तेव्हाही निदान कोरडं ऊन होतं. पण हा भादवा… चारी बाजूंनी ऊस, उसात पाटाचं पाणी, पावसानं उघडीप दिली की जमिनीतून नुसती वाफ, आणि सासरचा धंदा कसला, तर देवाला वाहायच्या तेलाच्या बाटल्यांचा. बाटलीला तेल, हाताला तेल, नोटांना तेल, आणि दुपारी बारा वाजता माझ्या नाकाच्या शेंड्यावर कुणी वात ठेवली असती ना, तर संध्याकाळपर्यंत जळली असती.

बरं, मी मागितलं काय होतं? दुकानावर बसू द्या, एवढंच. बी.कॉम. झालेली मुलगी, भाकऱ्या थापून झाल्या की दिवसभर घरात बसून काय बघू? दार तर आमच्या गावात कुणाच्याच घराला नसतं, पडदा बघू? पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई लंकाबाई, त्यांचं म्हणणं असं की दुकानाचा पत्रा मागं, गल्ला पुढं उन्हात. नवी नवरी उन्हानं रापली तर दिवाळीला माहेरचे म्हणतील पोरीचे हाल केले. शेवटी अट घातली. दिवाळीपर्यंत बस, पण काळी पडलीस की घरात.

मी काही बोलले नाही. सनस्क्रीन मागवलं.

ह्यांना, म्हणजे अजिनाथरावांना, चारदा सांगितलं होतं, तेलकट त्वचेचं आणा. ह्यांनी आणली दुकानातली सगळ्यात जाड ट्यूब. आत क्रीम कसलं, चक्का! लावलं तर चेहरा पांढराफटक, वर कुंकू. करणभाऊजी दारातच, म्हणजे पडद्यातच थांबले. म्हणाले, "वहिनी, घराच्या भिंती राहिल्यात की चुन्याच्या."

मी काही बोलले नाही. दोन बोटं भरून घेतलं आणि मानेलाही लावलं.

अकरा वाजता घाम सुटला. घामाबरोबर क्रीम सुटलं, कपाळावरून भुवयांत, भुवयांतून डोळ्यांत… आणि डोळे असे चुरचुरायला लागले की विचारू नका! गल्ल्यावर बसून मी घळाघळा रडतेय, गालांवर पांढऱ्या रेघा, आणि तेवढ्यात समोर बसमधून उतरलेली एक आजी. तिनं माझी हनुवटीच धरली. "व्हय गं लेकी, सासू लई छळती का?" सासू माझ्या मागेच बसलेली! आजीनं माझी कीव येऊन दोन बाटल्या जास्त घेतल्या, जाताना आत्याबाईंकडं असं काही बघितलं की शेजारची नारळवाली आक्काबाई तोंडात पदर धरून हसली. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, की उद्यापासून घरी.

मी काही बोलले नाही. दुपारीच स्कुटी काढून सोनईला गेले.

तिथल्या मेडिकलात निकिता नावाची मुलगी आहे, माझ्याच वयाची, माझ्याहून तेलकट. तिनं सगळं नीट सांगितलं. क्रीम नाही, जेल घ्यायचं. छिद्रं बुजवत नाही असं लिहिलेलं, घामात टिकणारं, एसपीएफ पन्नास. चेहरा धुऊन कोरडा करायचा, उन्हात जायच्या वीस मिनिटं आधी लावायचं, आभाळ आलं तरी लावायचं. घाम टिपायचा, खसाखसा पुसायचा नाही. आणि दर दोन तासांनी पुन्हा. लावून बघितलं, तर पाण्यासारखं मुरलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच लावून गल्ल्यावर जाऊन बसले. आत्याबाई आल्या, चेहरा न्याहाळला, पांढरं काही सापडेना. मग बाटल्या पुसायला बसल्या.

पण आमच्या घराला जसं दार नाही, तसं कपाटाला कुलूप नाही. चोरी होत नाही हो, खोटं कशाला बोलू… पण आठवड्यात ट्यूब चपटी! सूर्यभानमामांनी, सासऱ्यांनी, टाचेच्या भेगांना लावलं. भाऊजी क्रिकेटला लावून गेले. आत्याबाईंनी म्हणे निस्ता वास घेतला. मानेपर्यंत घेतला.

मी काही बोलले नाही. दुसरी आणली.

दिवाळी चार दिवसांवर आली आणि परीक्षा झाली. भर बाजारात, आक्काबाईला साक्षीला बोलावून, आत्याबाईंनी माझ्या हातातल्या बांगड्या वर सारल्या. बांगड्यांखालची कातडी बघितली, चेहरा बघितला. पुन्हा कातडी, पुन्हा चेहरा. आक्काबाई म्हणाली, "एकच रंग हाय की गं लंके."

आणि तेव्हा, तुम्हाला सांगते, मी बोलले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा उलटून, आणि आवाज जरा जास्तच लागला. "आत्याबाई, ऊन लागलं नाही. पण काळी पडले असते ना, तरी मी हे दुकान सोडलं नसतं."

गिऱ्हाईक थांबलं. आक्काबाईच्या हातात नारळ तसाच राहिला. मला वाटलं, झालं, आता आपली रवानगी पारनेरला. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, हात पदराला पुसले, गल्ल्याची थैली कमरेची काढून माझ्यापुढं ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "मंग बस की. तुला ऊन लागत न्हाई, मला लागतं. मी कशाला हितं तापत बसू?"

आणि गेल्या घरी!

तेव्हापासून दुकान माझं. सकाळी सहा ते रात्री आठ, शनिवारी दहा. दर दोन तासांनी दोन बोटं लावते, घाम टिपते, बाटल्या विकते. मागितलं मीच होतं, तक्रार कुणाकडं करू? आणि तिकडं घरात सावलीला बसून आत्याबाई काय गोऱ्या दिसायला लागल्यात म्हणून सांगू…