आवाजाने मासे बिथरतात

—नाही, नाही, ती पेटी आधी खाली ठेवा. थर्माकोलची पेटी आणली म्हणजे मासे न्यायची तयारी झाली, असं वाटलं का तुम्हाला? कपडे न्या म्हटलं होतं मी, कपडे! बॅग भरून ठेवलीय आतल्या खोलीत, शिवणयंत्र आहे, पुस्तकं आहेत — तुमच्या लेकीचं जे जे आहे ते खुशाल उचला, व्याही, माझी ना नाही. पण ही डिस्कसची जोडी? ही कुठे न्यायची — तुमच्या घरी? तुमच्याकडे जेवायला आलो होतो ना मी, खिडकीत एक कुंडी होती, त्यातलं झाड केव्हाच वाळून गेलेलं आणि विहीणबाई त्याला पाणी घालत होत्या. माझ्याकडे असं बघू नका, खरंच घालत होत्या.

तिने मागितलेत? मागितलेत म्हणून काय झालं! बसा. काय समजता तुम्ही या माशाला? बशीसारखा गोल दिसतो, रंग झकास, काचेच्या पेटीत सोडला की झालं — सगळे असंच समजतात. समोरच्या घरातले मुख्याध्यापक, निवृत्त, त्यांनाही हौस आली. आणले चार. नळाचं पाणी थेट ओतलं, थंडगार! चारही काळे पडले आणि कोपऱ्यात तोंड खुपसून बसले. मला विचारतात, आजारी आहेत का हो? म्हटलं, नाही, तुमच्यावर रुसलेत. यांना पाणी लागतं कोमट, तान्ह्या बाळाच्या अंघोळीसारखं — आणि ताजं नको, पिंपात मुरवलेलं हवं — आणि दिवसाआड अर्धं काढून नवीन भरायचं. एवढं करून हे नवाब तुमच्याकडे पाठ फिरवणार. का? तर आज तुम्ही लाल शर्ट घातला!

कोण भरतं? मी. म्हणजे — सांगतो मी, भरायची ती. माझ्या कमरेला बादली उचलवत नाही. चिरंजीव? त्यांचं नावच काढू नका. हीटरचा दिवा लागलाय का बघ म्हटलं, तर म्हणतो, बाबा, मासे पाण्यातच आहेत ना, मग झालं. ऐका! आणि हा म्हणे कंपनीत साहेब आहे. हाताखाली माणसं आहेत याच्या, कीव येते मला त्यांची.

ही जोडी तर मी देऊनच टाकणार होतो. अंडी घातली की खाऊन मोकळी, नवरा-बायको मिळून. म्हटलं, यांच्यात आईबापाचा गुणच नाही. तर तुमची लेक म्हणे, बाबा, त्यांना भीती वाटते म्हणून खातात. भीती! मला शिकवते — मी मासे पाळतोय तिच्या जन्माआधीपासून. तीन बाजूंनी काळा कागद लावला टाकीला, टीव्ही बंद, दार लावायची तर दोन्ही हातांनी, चोरासारखी. आणि जगली हो त्या खेपेची अंडी! पिल्लं काय खातात माहितीय? आईबापाच्या अंगावरचा चिकट थर. हो, अंगावरचा, माशाला दूध कुठलं? धुळीसारखी लगडलेली असतात दोन्ही बाजूंना. आई दमली की अंगाला एक झटका देते, की सगळी फौज बापाच्या अंगावर — आणि तो घेतो! तुमची लेक कामावरून आली की समोर खुर्ची टाकून बसायची, पर्स खांद्यालाच. मला म्हणाली, बाबा, बघा, सांगावं लागत नाही त्याला. मी म्हटलं, मासा आहे तो, त्याला काय कळतंय. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो आपला.

काय? हो, ती गेल्यापासून खात नाहीत. त्याचा तिच्याशी काही संबंध नाही! खाणं तेच, कोळंबीचा खिमा, फक्त हात माझा. माझ्या हाताला काय काटे आहेत? नर तर पंपामागून हलत नाही, तो बघा, कोळसा झालाय. त्या दिवशीच्या भांडणाने, दुसरं काय! केवढा आरडाओरडा. मी इथेच होतो, नळी लावून पाणी काढत होतो. म्हटलं, अरे हळू, मासे बिथरतात! आवाजाने बिथरतात हो, काचेवर जाऊन आपटतात, डोळा फुटतो एखाद्याचा. कुणी ऐकेल तर शपथ. आणि वर ही काच — उठा, इकडे या, हात फिरवा इथे. लागला टवका? एवढ्या जाड काचेचा टवका उडवला गाढवाने! भरलेला थर्मास होता, स्टीलचा. टाकी फुटली असती म्हणजे? कोणी फेकला म्हणजे काय, चिरंजीवांनीच, आणखी कोण—

तिने सांगितलं नाही तुम्हाला?

बरं. मग मीही काही बोललो नाही असं समजा. रागाच्या भरात माणूस — नेम धरून थोडाच — कुठे उभी होती म्हणजे? इथेच. तुम्ही आत्ता उभे आहात तिथे. तुमच्या खांद्याशी येतोय टवका, तिची उंची कमी, तिच्या कपाळाशी — पण लागला नाही ना! वाकली ती. थर्मास हातातून सुटायच्या आधीच वाकली, बरोब्बर, जसं काही तिला—

मला माहीत नाही. आधीचं मला काही माहीत नाही, व्याही. त्यांच्या खोलीचं दार बंद असतं आणि मी आपला टाकीपाशी, पंपाचा आवाज चालू असतो. मग ती वर उठली आणि बघत राहिली. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. आणि मी म्हटलं... सांगितलं की तुम्हाला आत्ता, काय म्हटलं ते.

द्या ती पेटी.

द्या हो! पिशव्या आहेत माझ्याकडे. एकीत एकच मासा, पिशवी दुहेरी, थोडं पाणी, बाकी हवा. जाळी नको, जाळीत पर फाटतात, तो वाडगा द्या — तुम्ही हात घालू नका, नुसते उभे राहा. ये. ये बाई. असं. आता तू, ये रे, काही नाही करत कुणी. पोट रिकामं आहे ते बरंच झालं, वाटेत पाणी घाण होणार नाही. झाकण उघडून बघत बसू नका, अंधारात शांत राहतात. टाकी आहे तुमच्याकडे? नाही ना! मग मोठं पिंप घ्या, आणि हा माझा हीटर न्या. न्या म्हणतो ना, मला काय करायचाय आता? पुढचं ती बघेल, तिला सगळं येतं, माझ्यापेक्षा — बरं, येतं तिला.

निरोप? नको. काही सांगू नका. तिनेच विचारलं माझं, तर... नाही विचारणार ती.

चिरंजीव यायची वेळ झालीय. कपडे राहू द्या, ते मी पाठवतो. खाली भेटला तर त्याच्या तोंडाला लागू नका आत्ता, पेटी हातात आहे तुमच्या. निघा. पाणी निवतंय, व्याही, निघा.