धुतलेला तुकडा

काका : पण धातूची सोनोग्राफी करायची, म्हणजे त्याच्या पोटात असतं तरी काय?

भिंगरी : हायड्रोजन, काका. धातूच्या अणूंमधल्या फटींतून तो उड्या मारत हिंडतो. आपण आरपार आवाज सोडायचा, कानाला न ऐकू येणारा. उड्यांची आणि आवाजाची लय जुळली की आवाज दबतो. तो कुठल्या तापमानाला दबतो, ते बघायचं.

काका : आणि आमच्या बाईसाहेब उद्या परिषदेत सांगणार आहेत, ते?

बाई : की हायड्रोजनचा थोरला भाऊ, ड्यूटेरियम, वजनाला दुप्पट असूनही धाकट्याइतकाच चपळ आहे. दोघांच्याही बाबतीत आवाज एकाच तापमानाला दबतो. सगळे म्हणतात, अशक्य! भिंगरी, आज तू चक्क एका जागी उभी? काय झालं?

भिंगरी : काका गेल्यावर बोलू का?

बाई : बोल गं. त्यांना काही कळत नाही.

काका : लग्नापासून हेच ऐकतोय.

भिंगरी : बाई, थोरला आपल्या धातूच्या तुकड्यात जवळजवळ नाहीच. घासल्यावर आपण तुकडा ॲसिडमध्ये धुतो ना, तिथून साधा हायड्रोजन आत शिरतो. आपण दोन्ही वेळा धाकट्यालाच मोजलं.

बाई : ॲसिडमध्ये धुवायची पद्धत माझी आहे.

भिंगरी : हो.

बाई : मग?

भिंगरी : मी नवा तुकडा घेतला. नुसता घासला, धुतला नाही. त्यात ड्यूटेरियम भरलं. हा आलेख.

बाई : अहो, माझा चष्मा?

काका : डोक्यावर.

(बाई चष्मा लावून आलेखावरून बोट फिरवतात.)

बाई : आवाज दबतो ते टोक सरकलंय.

भिंगरी : गरम बाजूला. जडाला उडी मारायला ऊब जास्त लागते.

काका : म्हणजे सगळे म्हणत होते तेच खरं?

बाई : तुम्हाला कळायला नेमका आजचाच मुहूर्त सापडला!

भिंगरी : सॉरी, बाई. सांगायचा धीरच होत नव्हता.

बाई : रडू नकोस, आलेख भिजेल. पुन्हा करून पाहिलंस?

भिंगरी : दुसऱ्या तुकड्यावरही. तेच आलं.

बाई : शहाणी आहेस. निवृत्तीआधीचं शेवटचं भाषण होतं गं माझं.

काका : कळवून टाकू का, ताप आलाय म्हणून?

बाई : काही नको. माझं चुकलंय हे ऐकायलाच निम्मे लोक येणार आहेत, त्यांचा हिरमोड कशाला? ॲसिडचं मी सांगेन. आलेख ही दाखवेल. आणि हिचं नाव माझ्या नावाच्या वर.

भिंगरी : नाव खाली चालेल. पण बोलायचं म्हणजे... माझे पाय लटपटतात.

बाई : माझेही लटपटतात. समोर टेबल असतं, कुणाला दिसत नाहीत.

काका : आणि मी? मागे बसू ना कुठेतरी?

बाई : छे, पुढे बसा. मला दिसाल असे.