टमटूचा घास

आजच्या सभेचे अध्यक्ष, सरपंच हिंमतरावजी. पंचायत समितीतून मुद्दाम वेळ काढून आलेले विस्तार अधिकारी माणिकराव साहेब. ज्यांच्या निरोपासाठी ही सतरंजी अंथरली आहे, ते आपल्या ग्रामपंचायतीचे शिपाई कारभारीभाऊ. आणि जमलेल्या माझ्या माता-भगिनींनो, बंधूंनो,

मी शिकलेला वक्ता नाही. सातवीनंतर रेडिओ उघडून उघडून जे शिकलो ते शिकलो. पण संच बिघडला की मिस्तरी सांगतील तेच कारण, असा लौकिक मी वीस वर्षांत कमावला आणि त्याचा मला अभिमान आहे. त्या अभिमानाबद्दलच आज बोलायचं आहे.

कारभारीभाऊंची नोकरी एकतीस वर्षं चार महिने. दवंडी, दिवाबत्ती, पाण्याची टाकी, हे सारं आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. टीव्हीच्या चावीचा विषय मात्र कुणी काढला नाही. निरोपाच्या दिवशी कोण काढील?

सन शहाऐंशीत या सभागृहात पंचायतीचा टीव्ही आला. कृष्णधवल, वीस इंची, लाकडी कपाटात. कपाटाची चावी कारभारीभाऊंच्या करदोड्याला. कपाटाला मागची फळी नको, भिंतीपासून हातभर पुढे ठेवा, हवा खेळू द्या, ही सूचना माझी.

रविवारी संध्याकाळी मुलांचा कार्यक्रम लागे. त्यात टमटू नावाचा कापडी बाहुला यायचा. डोक्यावर टोपी, रंग मला सांगता येणार नाही, कारण संच कृष्णधवल. दर खेपेला त्याचं जेवण कुणीतरी पळवायचं आणि शेवटी पोटावर हात ठेवून तो म्हणायचा, "आज भी भूखा." सगळे हसायचे. माझी नात कोकिळा हसत नसे. ती तेव्हा अडीच वर्षांची. घरी आमच्या सौभाग्यवती सत्यभामाबाई तिला भरवायला बसल्या की आधी टमटूचा घास ताटाच्या कडेला ठेवावा लागे. त्याशिवाय पोरगी तोंड उघडत नसे.

पौषातल्या एका रविवारी पडदा मधेच काळा पडला. जळका वास सुटला. दुसऱ्या दिवशी कारभारीभाऊंनी संच माझ्या दुकानात आणला. मी तपासला. आतला ट्रान्सफॉर्मर जळालेला. मागच्या झाकणाच्या सहापैकी दोन स्क्रूंच्या खाचा उखडलेल्या, आत ताज्या पुसण्याच्या खुणा. अडाणी हातानं खुडबूड केली, असं निदान मी लेखी दिलं. खाली सही केली.

भर ग्रामसभेत हिंमतरावांनी विचारलं, झाकण तुम्ही उघडलं काय? कारभारीभाऊ म्हणाले, "हाव. म्याच उघडलं." कशासाठी, यावर मात्र गप्प. चावी काढून घेतली गेली. आजही ती ग्रामसेवकांच्या टेबलात आहे. पुढं कित्येक दिवस पोरंसोरंही म्हणत, "पंख्याले हात नको लावू बे कारभारी, जळून जाईन." आपल्यापैकी काहींना ते आठवत असेल.

मलकापूरहून नवा भाग आणून मी संच चालू केला. माझी वाहवा झाली.

चार महिन्यांनी माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाचा टीव्ही चालू होता. कोकिळा त्याच्या मागे उभी. दुधात कुस्करलेल्या पोळीचा घास ती झाकणाच्या जाळीतून आत ढकलत होती. मी ओरडलो, तर म्हणाली, "टमटूले भूक लागली."

मी बटण बंद केलं आणि तडक कारभारीभाऊंच्या घरी गेलो. त्यांनी बाज टाकली, पाणी दिलं. पौषातल्या त्या रविवारी त्यांनी कोकिळेला कपाटामागून निघताना पाहिलं होतं. माणसं पांगल्यावर झाकण उघडून तो ओला घास त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसून काढला होता. मला का सांगितलं नाही?

"मिस्तरी, तुमचा हात कडक हाय, साऱ्या गावाले ठाऊक हाय. लेकरू त भुकेल्याले घास देऊन राह्यलं होतं. तिले काऊन मार खाऊ द्याचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरपंचांकडे निघालो. चौकापर्यंत गेलो आणि परत आलो. माझं निदान चुकलं, एवढं वाक्य तोंडातून निघेना. असं करता करता तीन वर्षं गेली. कारभारीभाऊ रस्त्यात भेटले की कोकिळा कशी आहे, एवढंच विचारायचे.

तेव्हा अध्यक्ष महाराज, माझ्या लेखी निदानात ही दुरुस्ती आहे. झाकण कारभारीभाऊंनी उघडलं, पण संच बंद पडल्यानंतर. तो बंद पडला माझ्या नातीच्या घासानं, मी सोडायला लावलेल्या मागच्या जागेतून. तारीख टाकून, सही करून आणलं आहे. जुन्या कागदाला हे जोडावं. आणि आज रविवार आहे, सव्वापाच झाले आहेत. ती चावी टेबलातून काढून कारभारीभाऊंच्या हातात द्यावी. आजचा टीव्ही त्यांनी लावावा. टमटू आता येत नाही, तरी कोकिळा समोर येऊन बसली आहे.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर मोठ्या मनानं सोडून द्याल. दुसरी माफी एकट्या कारभारीभाऊंकडे मागायची आहे. ती त्यांनी आज नाही दिली, तरी चालेल.