लोरिसच्या मागचं चाक

सासूबाईंचा गुडघा दाखवायला इटलीतल्या पियाचेन्झाच्या इस्पितळात एक्स-रेच्या रांगेत बसलो होतो. शेजारी शर्यतीतून थेट आणलेले दोन सायकलपटू, संघ वेगळे, पण दोघंही सारखेच सोलवटलेले.

"मनगट का, लोरिस?"

"हो. तुझं काय, इवानो?"

"कंबर. आठ जण माझ्या अंगावर पडले आणि मी तुझ्या. झालं काय?"

"काय करणार, टायर घसरला. मॅनेजरलाही तेच सांगितलं."

"मी तुझ्या मागच्या चाकाला चिकटून होतो. टायर नाही घसरला."

"मग कशाला विचारतोस?"

"समोर फट होती. सायकल मावली असती."

"मावली असती."

"मग?"

"ब्रेक दाबला. दाबायचा नव्हता, हात आपोआप गेला."

"पहिल्यांदाच?"

"गेल्या वर्षीही एकदा. तेव्हा कुणी पडलं नाही, म्हणून कळलं नाही."

"मॅनेजरला टायरच सांग. मी काही बोलणार नाही."

"उद्याच्या टप्प्याला निघतोयस?"

"कंबर मोडली नसेल तर."

"मग ये माझ्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला, नेहमीसारखा."

"नऊ वर्षं आलो, लोरिस. तू ब्रेक दाबत नाहीस म्हणूनच यायचो."

आतून इवानोला हाक आली. तो भिंतीला धरून उठला.

"उद्या दुसऱ्या कुणाचं तरी चाक बघतो."