सगळ्यात मोठा मासा

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारा मासेमार आणि त्याची गरोदर लेक बोलत होते.

"डॉक्टरबाई म्हणाल्या, मोठे मासे बंद. त्यांच्यात पारा असतो, बाळाच्या मेंदूला बाधतो."

"आणि लहान?"

"लहान चालतील. मोठा जन्मभर लहानांना खातो, त्यांचा सगळा पारा त्याच्यात साठत जातो."

"माझ्या स्वप्नात अजून येतो गं एक मोठा मासा. संथ, चांदीसारखा, माझ्याकडे बघत."

"बाबा, मी पोटात होते तेव्हा आईला काय आणायचात?"

"होडी फुटली होती तेव्हा. लहानच मिळायचे."

"आणि दादाच्या वेळी?"

"रोज सगळ्यात मोठा. पहिलटकरीण म्हणून, कौतुकानं."

लेकीनं डॉक्टरबाईंची चिठ्ठी घडी करून पिशवीत ठेवली.

"चल, निघू. दादा अंघोळ करून बसला असेल. शर्टाची बटणं लावायला त्याला अजून मीच लागतो."