ज्याचा धंदा थंड, त्याची चूल

दंतवैद्यांच्या प्रतीक्षागृहात वृद्ध शास्त्रीबुवा सुजलेला गाल धरून आपल्या पाळीची वाट पाहत होते. शेजारच्या दांपत्याची दृष्टी मात्र भिंतीवरील टीव्हीवर खिळली होती.

“अगं, आज व्याजदर वाढणार बघ. बाहेरचा पैसा आत येईल, आपलं चलन वधारेल, माझी परदेशी बटणं स्वस्त पडतील.”

“आणि माझ्या बाहुल्या परदेशात महाग होऊन पडून राहतील! नकोच ते.”

“ज्याचा धंदा थंड त्यानं चूल पेटवायची, असं ठरलंय ना? महिनाभर मीच पेटवतोय.”

“अहो, पण वाटाणे शिजवावेत तरी! सासूबाईंचा दात मोडला.”

“चलन घसरत असताना चुलीकडे लक्ष लागतं होय?”

“तरीच त्या बिचाऱ्या चलन चढावं म्हणून देव पाण्यात घालून बसल्यात.”

इतक्यात टीव्हीवर वार्ता झळकली : व्याजदर जैसे थे, चलन आणखी घसरले.

तेवढ्यात सासूबाई गालात कापूस धरून बाहेर आल्या.

“काय रे, वाढला का व्याजदर?”

“नाही, आई.”

सासूबाई दारातूनच मागे वळल्या.

“डॉक्टर, उरलेले दातही आत्ताच काढून टाका.”

उठू पाहणारे शास्त्रीबुवा गाल सावरून पुन्हा आसनस्थ झाले.